गोधडी मशीनवर घेताना

हाताने गोधडी शिवताना कापड एका जागी पसरलेले असते आणि सुई त्यावरून फिरते. शिवणारी बाई गोधडीवरच बसते, तिच्या वजनाने थर दबून राहतात, आणि डाव्या हाताने ती सुईपुढचे कापड चापून धरते. मशीनवर सगळे उलटे होते. सुई एका जागी वरखाली होत राहते आणि चार-पाच थरांचे ते धूड तिच्याखालून सरकावे लागते. बाईचे वजन आणि तिचा डावा हात या दोघांचे काम बोटभर लांबीच्या एका लोखंडी तुकड्यावर येते. शिवणकाम करणारे त्याला नुसता ‘फूट’ म्हणतात.

मशीनवर गोधडीला चुण्या पडल्या की मशीन जुने आहे, हात बसलेला नाही, कापड वाईट आहे अशी कारणे सांगितली जातात. बहुतेक वेळा फूटच चुकीचा असतो. म्हणून हे प्रकरण मशीनच्या निवडीबद्दल थोडे आणि फुटाबद्दल बरेच सांगणार आहे.

कळवणच्या बाजूला हा विषय हौसेचा नाही. गिरणेच्या खोऱ्यात दिवाळी उलटली की रात्री गारठा उतरतो. कांद्याला रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरायला जाणाऱ्याला, मळ्यातल्या झोपडीत निजणाऱ्याला दुकानातले पातळ ब्लँकेट पुरत नाही. चैत्रात सप्तशृंगगडाकडे खानदेशातून पायी येणाऱ्यांना मात्र खांद्यावर टाकता येईल अशी हलकी गोधडी हवी असते. अभोणा, कनाशी, ओतूर, मानूर या बाजूच्या घरांत गोधडीची गरज संपलेली नाही. ती कशाची शिवायची, हे मात्र बदलले आहे.

पूर्वी जुनेर म्हणजे सुती लुगडे किंवा धोतर. सुताला सूत चिकटते. दहा धुण्यांनी मऊ झालेले दोन सुती थर एकमेकांवर ठेवले की ते आपोआप धरून राहतात. आता कपाटातून निघणाऱ्या जुन्या साड्या बहुतेक सिंथेटिक असतात. त्या फाटत नाहीत, विरत नाहीत, म्हणून टाकवत नाहीत. पण एकीवर एक ठेवल्या की बोट लावताच घसरतात. आजीच्या हाताला जी अडचण कधी आली नाही ती नातीच्या मशीनला येते, त्याचे अर्धे कारण या कापडात आहे.

उरलेले अर्धे कारण मशीनच्या रचनेत आहे. अमेरिकेत एलियास होव यांनी १८४६ साली पेटंट घेतलेल्या मशीनमध्ये आजच्यासारखा फूट नव्हता. कापड एका पट्टीवरच्या खिळ्यांना उभे टोचून ठेवायचे. पट्टीच्या लांबीइतकी शिलाई झाली की थांबायचे आणि कापड पुन्हा टोचायचे. आयझॅक सिंगर यांच्या १८५१ च्या मशीनने कापड आडवे ठेवले आणि त्यावर स्प्रिंगने दाबणारा फूट आणला. जाड शिवण आली की तो थोडा वर होतो, पातळ आली की खाली बसतो. पुढे १८५४ साली अ‍ॅलन विल्सन यांनी कापड सरकवणाऱ्या दात्यांची चार हालचालींची रचना पेटंट केली: दाते वर येतात, कापड पुढे नेतात, खाली जातात, रिकामे मागे येतात. आपल्या घरातल्या काळ्या मशीनपासून कारखान्यातल्या मशीनपर्यंत बहुतेक ठिकाणी हीच जोडी आहे, खाली दाते आणि वर फूट.

या जोडीत एक पक्षपात आहे. दाते फक्त सर्वांत खालच्या थराला ओढतात. वरच्या थराला फुटाचा गुळगुळीत तळ लागलेला असतो, तो दाबतो आणि घासतो, म्हणजे त्याला मागे रोखतो. दोन थरांच्या झंपरात हे जाणवत नाही. गोधडीत पाच थर असतील तर खालचा थर पुढे निघून जातो आणि वरचा दर टाक्याला केसभर मागे राहतो. ९० इंचांची एक टीप संपेपर्यंत तो केसभर फरक साठत जातो आणि टोकाला वरचे कापड दोन बोटे जास्त उरते. पहिल्या टिपेत ते लक्षात येत नाही. आडवी टीप त्यावरून गेली की सैल पडलेले कापड फुटापुढे फुगते, त्याची चुणी होते, आणि मशीन ती चुणी शिवूनही टाकते.

यावरचा पहिला उपाय फुकट आहे. मशीनच्या डोक्यावर, फुटाच्या दांड्याच्या वर, एक स्क्रू असतो. तो फुटाचा दाब कमीजास्त करतो. ब्लाऊज शिवण्यासाठी घट्ट केलेला तो स्क्रू वर्षानुवर्षे कोणी हलवत नाही. गोधडीसाठी तो सैल करायचा. किती, हे तुकड्यावर टीप मारूनच कळते: खाली दात्यांचे वळ उमटत असतील तर दाब जास्त आहे, आणि टाके लहानमोठे पडत असतील तर तो फार कमी झाला आहे. टाकाही लांब करायचा. इंचाला आठ-नऊ टाके, म्हणजे साधारण तीन मिलिमीटरचा एक टाका, गोधडीला पुरतो. बारीक टाक्याने जाड कापड कडक होते आणि उसवावे लागले तर जीव जातो.

दुसरा उपाय म्हणजे कच्चे टाके. आळस इथेच महाग पडतो. खालचा थर इतर थरांपेक्षा चारी बाजूंनी तीन-चार इंच मोठा ठेवायचा, जमिनीवर पसरून कडा चिकटपट्टीने बसवायच्या, कापड ताठ राहील पण ताणले जाणार नाही इतपतच. मग एकेक थर हाताने सारवत मधून बाहेर. त्यानंतर मूठभर अंतरावर सेफ्टी पिना किंवा लांब कच्चा धावदोरा. साड्या सिंथेटिक असतील तर पिना आणखी जवळ. पिना मशीनखाली येण्याआधी काढायच्या. सुई पिनेवर आपटली तर सुई तुटते आणि तिचा तुकडा कुठे उडेल ते सांगता येत नाही.

एवढे करूनही साध्या फुटाने पाच थर नीट जात नाहीत. तिथे वॉकिंग फूट लागतो. दिसायला तो बोजड असतो. त्याच्या पोटात वरून काम करणारे स्वतःचे दाते असतात आणि बाजूला एक दुफाळी दांडी असते. ही दांडी सुई धरणाऱ्या स्क्रूवर बसवतात. सुई वर निघाली की दांडी उचलली जाते, वरचे दाते कापडावर टेकतात आणि खालच्या दात्यांबरोबर पुढे सरकतात. सुई खाली आली की वरचे दाते उचलून मागे येतात आणि फुटाचा तळ कापड धरून ठेवतो. थोडक्यात, वरच्या थरालाही ओढणारे कोणीतरी मिळते. पाच थर एकत्र चालतात.

हा फूट सरळ रेषांसाठी आहे. फार मोठी वळणे तो हळूहळू घेतो, लहान गोल घेत नाही. पायडल जोरात मारले की त्याची खडखड वाढते आणि टाके बिघडतात. उलटी टीप बहुतेक वॉकिंग फुटांना सोसत नाही, म्हणून टीप सुरू करताना आणि संपवताना टाका अगदी बारीक करून पाच-सहा टाके घ्यायचे. गाठ तेवढ्याने बसते.

पैशांची अडचण असेल तर लोक टेफ्लॉन फूट घेतात. तो रेक्झिन आणि चामड्यासाठी निघाला आहे; तळ पांढरा, निसरडा. त्याने वरच्या थराचे घासणे कमी होते, पण वरचा थर पुढे ओढला जात नाही. दोन सुती थर आणि मध्ये पातळ भरण असलेल्या बाळाच्या दुपट्याला तो चालतो. पाच साड्यांच्या गोधडीला त्याच्या भरवशावर बसू नये.

तिसरा फूट वेगळ्याच विचाराचा आहे. वेली, पाने, कोयऱ्या काढायच्या असतील तर दाते आडवे येतात, कारण त्यांना एकच दिशा माहीत असते. म्हणून दाते खाली पाडायचे आणि कापड दोन्ही हातांनी हवे तिकडे फिरवायचे. मशीनवर भरतकाम करणाऱ्या बायका हे आधीपासून करतात. त्या तर फूटच काढून ठेवतात, कारण लाकडी रिंग कापड ताठ धरते आणि फुटाचे काम करते. गोधडी रिंगेत मावत नाही. तिच्यासाठी डार्निंग फूट असतो: तळाशी छोटे कडे, वर स्प्रिंग. सुई कापडात असताना तो थर दाबतो आणि सुई वर निघाली की उचलला जातो, तेवढ्या क्षणात तुम्ही कापड सरकवता. टाक्याची लांबी आता मशीनच्या हाती राहत नाही. पाय जोरात आणि हात हळू चालले तर टाके बारीक होतात. हात जोरात आणि पाय हळू असतील तर लांब, सैल. दोन्ही जुळायला आठवडे लागतात. शिकताना जुन्या चादरीचे दोन तुकडे आणि मध्ये भरण घेऊन त्यावर आधी स्वतःचे नाव गिरवावे. सही करायची हाताला सवय असते, त्यामुळे लक्ष गतीवर राहते.

जुन्या काळ्या मशीनमध्ये दाते पाडायची सोय नसेल तर दात्यांवर झाकणपट्टी बसते. तीही नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आणली तरी काम भागते. दाते वरखाली होतात, पण कापड नेत नाहीत. आणि एक गोष्ट नव्यांना हमखास चकवते. डार्निंग फूट कापडाला घट्ट टेकत नाही, त्यामुळे तो खाली केला आहे की नाही ते कळत नाही. फुटाची दांडी वर राहिली की वरच्या दोऱ्याच्या ताणाच्या चकत्या उघड्या राहतात, आणि गोधडीच्या पोटाशी दोऱ्याचे जाळे होते. खाली गुंता दिसला की बॉबिन केसकडे धाव घेण्याआधी ही दांडी बघावी.

ठिगळे जोडून गोधडीचा वरचा थर करायचा असेल तर पाव इंचाचा फूट कामाचा. त्याची कड सुईपासून बरोबर पाव इंचावर असते. एवढ्याशा गोष्टीसाठी वेगळा फूट कशाला, असे वाटते. हिशेब करा. शिवण दर वेळी इंचाचा सोळावा हिस्सा जास्त घेतली तर दोन्ही तुकड्यांकडून मिळून एका सांध्याला आठवा हिस्सा जातो. दहा ठिगळांच्या ओळीत नऊ सांधे असतात, म्हणजे ओळ सव्वा इंचाच्या आसपास आखूड झाली. शेजारची ओळ सात ठिगळांची असेल तर ती वेगळ्या मापाने आखूड होते आणि दोन्ही जुळत नाहीत. झिपर फूट, पिको फूट, गोट घालायचा फूट यांचा गोधडीशी संबंध कडेपुरता. त्यांच्यावर इथे जागा घालवत नाही.

आता टीप कुठून सुरू करायची. हाताने शिवलेल्या महाराष्ट्रातल्या पुष्कळ गोधड्यांत धावदोरा कडेने सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करत मध्याकडे येतो. हाताला ते जमते, कारण सुई कापडाला ढकलत नाही आणि सैल पडलेले कापड बाई बोटाने बाहेर सारते. मशीनवर हीच रीत धरली तर चारी बाजूंनी ढकललेले कापड मध्ये कोंडले जाते आणि गोधडीला पोट सुटते. मशीनची टीप मधून बाहेर न्यावी. पहिली मधोमध उभी, दुसरी मधोमध आडवी, मग चारही खणांत बाहेरच्या दिशेने. परंपरा मोडल्याचे वाईट वाटून घेऊ नये. ती चौकोनी वाट हाताच्या सुईसाठीच होती.

मधून बाहेरच्या या नियमाला एक गमतीदार अपवाद आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या डेव्हिड सिटी या गावचे अर्नेस्ट हाइट शेतकरी होते, शिक्षणाने कृषी अभियंते. बायकांच्या हातचे समजल्या जाणाऱ्या या कामात ते मशीन घेऊन उतरले आणि १९७४ साली त्यांनी घरच्या मशीनवर गोधडी कशी शिवावी यावर एक छोटी पुस्तिका काढली. प्रत्येक टिपेच्या दोन टोकांना गाठी मारण्याचा त्यांना कंटाळा होता. त्यांनी तिरकी टीप कडेपर्यंत नेली आणि दोरा न तोडता तिथून वळवली, कॅरमचा स्ट्रायकर कडेवर आपटून परततो तशी. एकाच अखंड दोऱ्याने सगळ्या गोधडीवर शंकरपाळ्यांची जाळी होते.

यामागचे गणित शाळेतले आहे. गोधडीच्या रुंदीचे आणि लांबीचे असे भाग पाडायचे की त्या दोन आकड्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसावा. ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब गोधडी घ्या. रुंदीचे २० भाग, लांबीचे ३१. एक भाग जवळपास तीन इंचांचा. कोपऱ्यातून निघालेली तिरकी टीप प्रत्येक खणातून एकदाच जाते आणि ६२० खण संपवून दुसऱ्या एका कोपऱ्यात थांबते. २० आणि ३० भाग पाडले असते तर ती ६० खणांतच कोपऱ्याला लागली असती आणि दोरा तोडावा लागला असता. आमच्या २०-३१ च्या जाळीत टीप ४९ वेळा कडेला वळते; सुटी टीप मारली असती तर पन्नास टिपांची शंभर टोके बांधावी लागली असती, इथे दोनच. टिपेची एकूण लांबी ६६ मीटरच्या आसपास भरते, तीन मिलिमीटरच्या टाक्याने सुमारे २२ हजार टाके. विजेवरचे घरगुती मशीन मिनिटाला सातआठशे टाके घेते, म्हणजे कागदावर हे काम अर्ध्या तासाचे. प्रत्यक्षात दर वळणाला ते धूड फिरवताना दुपार जाते, आणि बॉबिन मध्येच संपते ते वेगळे. कच्चे टाके पक्के असतील तरच हा प्रकार करावा, कारण इथे मध्याला आधी बांधून घेतलेले नसते.

मशीनवरची गोधडी खरी की खोटी, हा वाद अमेरिकेतही झाला. केंटकीतल्या पदुका शहरात भरणाऱ्या मोठ्या प्रदर्शनात १९८९ साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर शिवलेल्या गोधडीला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा हातशिलाईच्या बाजूच्यांना ते रुचले नव्हते. माझे मत विचाराल तर अंगावर घ्यायला हाताची गोधडी अधिक मऊ असते. धावदोऱ्यात एकच दोरा असतो आणि टाक्यांमध्ये कापड किंचित फुगलेले राहते. मशीनच्या टिपेत वरचा आणि खालचा असे दोन दोरे थराला आवळतात. पण रोज अंगणात आपटून धुवायची, बैलगाडीत आणि पिकअपमध्ये टाकायची गोधडी मशीनचीच टिकते. बाळासाठी हात, मळ्यासाठी मशीन, अशी माझी सरळ वाटणी आहे.

खरेदीची बाजू राहिली. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, “ताई, लो शँक की हाय शँक?” उत्तर माहीत नसेल तर तो हाताला लागेल तो फूट देतो. घरीच मोजून घ्यावे. फूट खाली सोडायचा आणि मशीनच्या पट्टीपासून फूट धरणाऱ्या स्क्रूच्या मध्यापर्यंत मोजायचे. पाऊण इंचाच्या आत असेल तर लो, एक ते सव्वा इंच असेल तर हाय. घरगुती मशीन सहसा लो असतात, कारखान्यांत वापरतात ती हाय. सुयांचेही तसेच. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, कारखान्याच्या सुईचा पूर्ण गोल, आणि एकीच्या जागी दुसरी बसवली तर टाके सुटतात. गोधडीला १४ किंवा १६ नंबरची सुई घ्यावी. पाकिटावर ९०/१४ आणि १००/१६ असे छापलेले असते. पहिला आकडा सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. १४ नंबर म्हणजे ०.९ मिलिमीटर. एका गोधडीला एक नवी सुई, हा खर्च वाचवू नये.

नवे मशीन घेणार असाल तर दोन गोष्टी दुकानातच तपासा. दाते खाली पाडता येतात का, आणि फूट पूर्ण उचलल्यावर तुमच्या गोधडीचे थर न कोंबता आत जातात का. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. तिथून साहित्य घेणाऱ्यांनीही आधी हेच विचारावे. घरात जुने काळे मशीन धडधाकट असेल तर नव्याच्या नादी लागू नका. त्याची सरळ टीप गोधडीला पुरेशी आहे, आणि पायाने चालणाऱ्या मशीनवर नवशिक्याला गती हळू ठेवता येते.

एकच फूट घ्यायचा असेल तर वॉकिंग घ्या. डार्निंग पुढच्या हंगामात. कळवणात मिळाला नाही तर नाशिक किंवा मालेगाव गाठावे लागेल, तेव्हा फेरी फुकट जाऊ नये म्हणून जुना फूट, एक सुई, मोजलेल्या उंचीची चिठ्ठी आणि आपल्याच गोधडीच्या थरांचा वीतभर तुकडा पिशवीत घाला. दुकानातल्या मशीनवर तो तुकडा शिवून, उलटून, खालची बाजू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.